लग्नाचं जेवण आपल्या ऐपतीत: यादीपासून भांडी परत देईपर्यंत

केटररला फोन लावला की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ताटाच्या भावाचा. घरातल्या लग्नामुंजींची जेवणं अंगावर घेतल्यानंतर मी आता सगळ्यांना सांगते, भाव शेवटी विचारा. समजा ४०० ताटं आहेत आणि ताटाला ३५० रुपये, म्हणजे १,४०,००० रुपये. तुम्ही घासाघीस करून ताटामागे २५ रुपये कमी केलेत तर १०,००० वाचतील, पण ते बहुतेक वेळा तेलातून, तुपातून किंवा वाढप्यांच्या संख्येतून काढले जातील. तेच यादी नीट करून फुगलेल्या आकड्यातली ६० माणसं कमी झाली तर २१,००० वाचतील आणि कुणाच्याही ताटातला घास कमी होणार नाही. खर्च उतरतो तो माणसांच्या खऱ्या आकड्यामुळे आणि पदार्थांच्या संख्येमुळे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

मी धरून चालले आहे की तुमच्याकडे २०० ते ५०० माणसांचं शाकाहारी जेवण आहे, कार्य तालुक्याच्या गावी किंवा मध्यम शहरात आहे, आणि घरात हे काम याआधी कुणी केलेलं नाही.

१. आधी वही घ्या

मोबाइलमध्ये यादी करू नका. एक फुलस्केप वही घ्या आणि चार रकाने आखा: कुटुंबाचं नाव, आमंत्रण कोण देणार, माणसं किती, आणि ती सकाळपासून असणार की अक्षतांना येऊन जेवून जाणार. शेवटचा रकाना बहुतेकजण आखतच नाहीत. नाश्त्याचा आकडा त्याच्यावरच ठरतो. ४०० जेवणारे असले तरी सकाळी पोहे-चहाला सव्वाशे-दीडशेच असतात, आणि तरीही पॅकेजच्या नावाखाली ४०० नाश्ते लावले जातात.

माणसं मोजताना गट पाडा. सख्खं-चुलत-मावस गोत जवळजवळ पूर्ण येतं, उलट एखादं जास्तच धरा. शेजारी आणि सोसायटीतले घरटी दोन. ऑफिसातले सुट्टीच्या दिवशी बरेच येतात, कामाच्या दिवशी निम्मेही येत नाहीत. परगावचे फक्त फोनवर ठरतात. व्हॉट्सॲपवर पत्रिका टाकलेल्यांना वेगळ्या पानावर लिहा, कारण तिथून किती येतील याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. गावाकडे चूलबंद (घरातल्या सगळ्यांना) आमंत्रण असेल तर घर मोजून चालत नाही, घरातली डोकी मोजावी लागतात. त्यासाठी भावकीतला एखादा जाणता माणूस बरोबर घेऊन बसा. अर्ध्या तासात तो वाडीतल्या प्रत्येक घरात किती माणसं आहेत ते सांगेल.

दोन्हीकडचं कार्य एकत्र असेल तर याद (लग्नाच्या बोलण्यांचा कागद) करायला बसाल त्याच दिवशी समोरच्या मंडळींचा आकडा लेखी घ्या आणि जेवणाचा खर्च कसा वाटायचा तेही तिथेच ठरवा. "बघू, होईल सगळं" असं म्हणून उठू नका. हा विषय नंतर काढला की मनं दुखावतात.

आणखी एक आकडा कुणी धरत नाही: भटजी, बँडवाले, फोटो-व्हिडिओवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, मांडववाले, कार्यालयाची माणसं. ही सहज २०-३० ताटं होतात. ती यादीत धरा, कारण तीही माणसं दिवसभर आपल्यासाठी राबत असतात आणि त्यांना शेवटी उरलंसुरलं देणं बरं नाही.

कार्याच्या आठ दिवस आधी याद्या वाटून घेऊन सगळ्यांना फोन करा. या एका फेरीत आकडा जितका खरा होतो तितका दुसऱ्या कशानेही होत नाही.

२. कार्यालय बघताना भटारखाना आधी बघा

आपण स्टेज, एसी आणि पार्किंग बघतो. जेवणाच्या खर्चाला मात्र हे प्रश्न लागू पडतात:

- बाहेरचा केटरर चालतो का? चालत असेल तर त्यावर रॉयल्टी किती? पुष्कळ कार्यालयांचे केटरर ठरलेले असतात आणि बाहेरचा आणला तर ताटामागे किंवा ठोक रक्कम घेतात. "भाडं कमी" दिसणारं कार्यालय इथे महाग पडतं.
- पाणी बोअरचं की नळाचं, पिण्याचे जार कोण आणणार?
- भांडी, गॅस, वीज, जनरेटर, सफाई, ओला कचरा उचलणं, यातलं भाड्यात काय आणि वेगळं काय?
- जेवणाच्या हॉलमध्ये एका वेळी किती माणसं बसतात?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. दुपारच्या मुहूर्तावर अक्षता पडल्या की सगळे एकदमच जेवायला वळतात. हॉल १०० माणसांचा आणि पाहुणे ४०० असतील तर चार पंगती उठाव्या लागतात. शेवटची पंगत बसेपर्यंत दोन-अडीच तास जातात आणि तोवर पुऱ्या गार होतात.

तारखेत लवचिकता असेल तर आठवड्यातला मधला दिवस घ्या. लग्नसराईतल्या दाट तिथीला, त्यातही रविवारी, आचाऱ्यापासून जारवाल्यापर्यंत सगळ्यांचे भाव चढलेले असतात. तुमच्या घरी काढीव मुहूर्त (पंचांगातल्या नेहमीच्या लग्नतिथींबाहेर काढलेला) चालत असेल तर गुरुजींना आधी विचारून ठेवा. तारीख पक्की करण्यापूर्वी संकष्टी किंवा एकादशी येते का तेही पाहा. येत असेल तर उपासाच्या माणसांसाठी साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी लागेल. खर्च फार नाही, पण ऐन वेळी धावपळ होते.

३. ताटावर द्यायचं, की आचारी लावायचा?

दोन वाटा आहेत. पहिली कंत्राटाची: ताटाचा भाव ठरवायचा, सामान, माणसं, भांडी सगळं केटररचं. दुसरी मजुरीची: आचारी आणि त्याची माणसं मजुरीवर येतात, शिधा आपण भरायचा. मजुरीचं काम बरंच स्वस्त पडतं आणि तेल-तूप-डाळ आपल्या डोळ्यांसमोर असते. पण त्यासाठी घरातली दोन माणसं पूर्ण मोकळी हवीत: एक बाजारासाठी आणि एक कोठीवर. नवरीमुलीचे आई-वडील, भाऊ, मामा यांना हे काम देऊ नका. विधींना त्यांना बोलावणं येणारच, आणि कोठीची किल्ली दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात राहते.

माझं मत असं: २०० पर्यंतच्या कार्याला, घरात माणूसबळ असेल तर, आचारी लावा. ३०० च्या वर आणि शहरात असाल तर कंत्राट द्या. मधल्यांसाठी मिश्र पद्धत चांगली चालते. भात, भाज्या, आमटी आचारी करतो; पोळ्या, लाडू, चटण्या, पापड-कुरडया महिला बचत गटाकडून घ्यायच्या; श्रीखंडासाठी डेअरीतून चक्का आणायचा. ग्रामीण भागात सरकारच्या 'उमेद' अभियानातले गट असतात, ग्रामपंचायतीत विचारलं की पत्ता मिळतो. पोळ्या नगावर ठरवा आणि पोचवण्याची वेळ लिहून घ्या.

४. ताटातले पदार्थ कमी करा, ताट कमी करू नका

हल्ली मेनूकार्डावर २५-३० पदार्थ असतात. माणूस जेवतो तेवढंच. पदार्थ वाढले की प्रत्येकातलं थोडं थोडं उरतं, आणि त्या उरलेल्याचे पैसे आपण भरलेले असतात. म्हणून एक गोड, एक तळण, दोन भाज्या, एक कोशिंबीर, पुरी किंवा पोळी, मसालेभात, वरण-भात, मठ्ठा, आणि डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, पापड. हे ताट पूर्ण आहे. कुणीही त्याला गरिबाचं ताट म्हणणार नाही, फक्त पुरी गरम आणि मसालेभातावर तूप-खोबरं हवं.

काय कापायचं ते स्पष्ट सांगते. वेलकम ड्रिंक काढा, दारात गार पाणी किंवा उन्हाळ्यात पन्हं पुरतं. चायनीज, पाणीपुरी, पास्ता असे काउंटर काढा. तिथे आधी रांग लागते आणि मग तीच माणसं मुख्य ताट अर्धवट टाकतात. पनीरची भाजी काढली तर ताटाचा भाव लगेच उतरतो. तिच्या जागी मोसमातली चांगली भाजी घ्या: थंडीत मटार-फ्लॉवर किंवा भरली वांगी, उन्हाळ्यात बटाट्याची पिवळी भाजी आणि मटकीची उसळ. दुसरं गोड काढा. गुलाबजाम, जिलबी आणि आइस्क्रीम तिन्ही ठेवून खर्च तिप्पट होतो, पाहुण्यांचं समाधान तिप्पट होत नाही.

आपापल्या भागाचं जेवण ठेवलं तर ते स्वस्तही पडतं आणि लक्षातही राहतं, कारण आचाऱ्याचा हात त्यावर बसलेला असतो. खानदेशात वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, विदर्भात वडा-भात, कोकण-पुण्याकडे अळूची भाजी आणि मठ्ठा-जिलबी, घाटावर वांगी-बटाट्याचा रस्सा आणि बुंदी. यासाठी सामान लांबून आणावं लागत नाही.

काय कापू नये? तेलाचा दर्जा, वाढपी आणि पिण्याचं पाणी. इथे वाचवलेला पैसा पाहुण्यांना लगेच जाणवतो.

पंगत की बफे, यावर घरात वाद होतात. बफेत वाढपी कमी लागतात, पण माणसं डोळ्यांनी वाढून घेतात आणि वाया जास्त जातं. पंगतीत अन्न वाया कमी जातं, वेळ जास्त लागतो. वडीलधारी माणसं जास्त असतील तर बफे असला तरी ४०-५० जणांची टेबलाची सोय वेगळी ठेवा.

५. आचारी लावला असेल तर शिधा किती भरायचा

आचारी यादी देतो ती थोडी वरचढच असते, त्याला कमी पडण्याची भीती असते. पडताळून पाहायला हा अंदाज वापरा. वर दिलेल्या साध्या ताटासाठी, १०० मोठ्या माणसांना:

- तांदूळ (साधा भात आणि मसालेभात मिळून): ९ ते १० किलो
- तूरडाळ: ३ किलो
- पुऱ्यांसाठी कणीक: ९ ते १० किलो, माणशी चार-पाच पुऱ्या धरून
- बटाटे: ८ ते १० किलो, उसळीची मटकी कोरडी ३ किलो
- भज्यांचं बेसन: २.५ ते ३ किलो
- श्रीखंड: १० ते १२ किलो. म्हणजे ५ ते ६ किलो चक्का आणि जवळपास तेवढीच साखर.
- जिलबी घेतलीत तर ८ किलो, मग श्रीखंड नको
- मठ्ठ्याला दही: ५ ते ६ किलो
- कोशिंबिरीला काकडी: ५ किलो
- तेल: ८ ते १० लिटर, कढईत शेवटी उरणारं धरून
- पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार: ३ ते ४, मे महिन्यात ५

४०० माणसांना याच्या सरळ चौपट लागत नाही, थोडं कमी पुरतं. गावाकडे भात जास्त जातो आणि शहरात गोड जास्त उरतं, हेही ध्यानात ठेवा.

किराणा भुसार बाजारातून दहा-बारा दिवस आधी आणा, पण तांदूळ आचाऱ्याला दाखवल्याशिवाय घेऊ नका. नवा तांदूळ चिकट होतो आणि मसालेभात मोकळा होत नाही. कांदे-बटाटे दोन दिवस आधी, पालेभाजी, कोथिंबीर आणि काकडी त्याच पहाटे. मार्केट यार्ड आठवड्यातून कधी बंद असतं ते आधी विचारून ठेवा.

गॅससाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच लागतो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर अशा कामाला वापरणं बेकायदा आहे, आणि मोठ्या भट्टीला तो धोक्याचाही आहे. एक जादा भरलेला ठेवा.

६. केटरर बघताना

चव बघायला बोलावतात तेव्हा दहा माणसांचं जेवण केलेलं असतं, ते चांगलंच लागतं. त्यापेक्षा त्याचं दुसरं एखादं कार्य, त्या यजमानांच्या परवानगीने, शेवटच्या अर्ध्या तासात जाऊन बघा. पुरी अजून गरम येते का? गोड संपलं का? टेबलं कोण पुसतंय? भटारखान्यात झाकणं आहेत का? अर्ध्या तासात सगळं कळतं.

एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक मागा. तो फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का बघता येतं. बिलावरही हा क्रमांक असायलाच हवा.

७. कागदावर काय हवं

तोंडी ठरवू नका, ओळखीचा असला तरी. जमवायचे कागद एवढेच: केटररचं सही केलेलं कोटेशन, परवान्याची आणि जीएसटी नोंदणीची प्रत, विसाराची पावती, कार्यालयाची पावती आणि नियमांचा कागद. कोटेशनमध्ये हे नावानिशी लिहून घ्या:

- पदार्थांची पूर्ण यादी, तेला-तुपाचा ब्रँड, गोड हवं तेवढं की मोजून
- किमान ताटांची हमी, आणि वर लागलेल्या ताटाचा भाव
- लहान मुलांचा नियम: कोणत्या वयापर्यंत मोफत, कोणत्या वयाला अर्धं ताट
- वाढप्यांची संख्या. पंगतीला २०-२५ माणसांमागे एक, बफेला दर १००-१२५ माणसांमागे सगळे पदार्थ असलेली एक लाइन.
- वाहतूक, गॅस, पाणी, सफाई भावात धरली आहे की नाही
- उरलेलं अन्न कुणाचं
- पैसे कधी किती द्यायचे, तारीख पुढे गेली तर विसाराचं काय

हमीचा आकडा हा सगळ्यात मोठा सापळा आहे. ४०० ची हमी दिलीत आणि ३२० आले तरी पैसे ४०० चेच जातात. तुमच्या फोन करून पक्क्या केलेल्या आकड्याच्या ८० ते ८५ टक्क्यांवर हमी द्या आणि वरच्या माणसांची तयारी ठेवायला सांगा. दहा टक्के जादा तयारी चांगले केटरर ठेवतातच.

जीएसटीचंही आधी विचारा. बाहेरच्या केटरिंगला तो साधारण ५ टक्के लागतो. महागड्या हॉटेलच्या आवारात कार्य असेल तर १८ टक्के. भाव "जीएसटी धरून" की "अधिक जीएसटी", ते लिहून घ्या. ज्याच्याकडे जीएसटी क्रमांकच नाही, किंवा जो कॉम्पोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) आहे, त्याला तुमच्याकडून वेगळा कर लावता येत नाही.

थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लॅस्टिकचे ग्लास-चमचे "स्वस्त पडतात" म्हणून कुणी सुचवलं तर नाही म्हणा. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांवर बंदी आहे आणि पहिल्याच वेळी दंड ५,००० रुपये. स्टीलची ताटं भाड्याने मिळतात, किंवा पानांच्या पत्रावळी-द्रोण आणा.

८. कार्याच्या दिवशी

ताटं मोजायला एक माणूस नेमा, आणि त्याने जेवण सुरू होण्यापूर्वी केटररच्या माणसाबरोबर उभं राहून ताटांच्या चळती मोजाव्यात. शेवटी उरलेल्या स्वच्छ ताटांची वजाबाकी केली की आकडा मिळतो. पण मधेच धुतलेली ताटं परत चळतीत लागली तर हिशोब चुकतो, म्हणून ती वेगळी ठेवायला आधीच सांगा. बफेत दुसऱ्यांदा नवं ताट घेतलेला माणूस दोनदा मोजला जातो, त्याचं काय करायचं हेही आधी बोला. पंगतीला हे सोपं आहे: ओळी आणि ओळीतली माणसं. आकडा कागदावर लिहून दोघांनी त्यावर सही करून टाकायची.

पुऱ्या आणि भजी एकदम तळून ठेवू देऊ नका. पहिल्या पंगतीपुरत्या तळून, पुढच्या जेवण चालू असताना. मुहूर्त लांबला तर आचाऱ्याला लगेच निरोप जायला हवा.

उन्हाळ्यात श्रीखंड, मठ्ठा, बासुंदी शेवटच्या क्षणापर्यंत गार ठेवा. गरम पदार्थ वाफाळतेच राहायला हवेत; कोमट होऊन दोन तासांवर पडलेली भाजी किंवा भात वाढू नका, विशेषतः लहान मुलांना. मठ्ठ्यात बर्फ टाकणार असाल तर रंग बघा. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर असावा असा नियम आहे. तसा बर्फ फक्त भांड्याबाहेरून लावायला वापरा.

९. उरलेलं आणि शेवटचा हिशोब

उरणारं अन्न कुठे जाणार हे आदल्या दिवशी ठरवा. रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवक बऱ्याच शहरांत चांगलं उरलेलं अन्न नेऊन वाटतात, पण त्यांना आधी कळवावं लागतं आणि अन्न ताजं असतानाच द्यावं लागतं. गावात जवळची आश्रमशाळा किंवा वसतिगृह विचारून ठेवा. द्यायचं ते वाढण्याआधीच बाजूला काढलेलं, झाकलेलं असावं. परतीच्या वऱ्हाडासाठी शिदोरी बांधायची असेल तर कोरडे पदार्थ, लाडू-चिवडा बांधा. भात-भाजी प्रवासात आंबते.

शेवटचा हप्ता ताटांचा सही केलेला कागद समोर ठेवूनच द्या. आचारी मजुरीवर असेल तर त्याचे आणि वाढप्यांचे पैसे त्याच संध्याकाळी द्या, आणि ते जेवले का ते स्वतः विचारा. भाड्याची भांडी धुवून झाल्यावर आणलेल्या यादीप्रमाणे मोजा. झारे, ओगराळी आणि पाण्याचे जग हमखास कमी भरतात, आणि बहुतेक वेळा ते हात धुण्याच्या जागेजवळ किंवा नवरीच्या खोलीत सापडतात. सापडले नाहीत तर त्यांची किंमत तिथेच ठरवा, आणि भटारखान्याची किल्ली दिल्यावर डिपॉझिट परत घेऊनच बाहेर पडा.